चार अक्षरांचा घोळ

परवा नात इंग्रजीचा धडा वाचताना 'थ्रू'पाशी अडली आणि तिने तो शब्द 'थ्रफ' वाचला. घरातली मंडळी हसली. मला मात्र हसू आले नाही.

१९५७ साली मी आठवीत गेलो आणि इंग्रजीशी पहिली ओळख झाली. आमचे घर जुन्या नाशकात, तांबटांच्या वस्तीत. दिवसभर हंड्यांवर ठोके घालून झाले, की दादा हातपाय धुऊन माझ्या कंदिलापाशी येऊन बसत. शाळा चौथीपर्यंतची, वय चाळिशीपुढचे. मुंबईहून येणाऱ्या पत्र्याच्या बिलावरचे इंग्रजी आपले आपल्याला वाचता यावे, एवढीच त्यांची हौस.

त्या रात्री ओ, यू, जी, एच या चार अक्षरांनी घात केला. 'रफ' म्हणजे खडबडीत, हे त्यांना धंद्यामुळे ठाऊकच होते. 'टफ' म्हणजे चिवट, तेही जमले. 'कॉफ' म्हणजे खोकला म्हटल्यावर तर ते खूशच झाले. "अरे, हा तर आपला कफ!" (तसे या दोन शब्दांचे काही नाते नाही.) मग 'आरपार' या अर्थाचा शब्द आला आणि दादांनी बेधडक 'थ्रफ' म्हटले. मी हसलो. नुसता हसलो नाही, शेजारच्या मित्राला हाक मारून त्यालाही ऐकवले. दादाही थोडे हसले, उठले, आणि पुन्हा कधी कंदिलापाशी बसले नाहीत.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आले, की जुन्या इंग्रजीत हा जी-एच खरोखरच उच्चारला जाई, घशातून, आपल्या 'ख'सारखा घासून. पुढे तो कुठे 'फ' झाला, कुठे साफ गळाला. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला. हळूहळू लिहिणे गोठले, जिभा मात्र पुढे चालत राहिल्या. म्हणून कणकेचा गोळा 'डो', झाडाची फांदी 'बाउ' आणि खोकला 'कॉफ'! दादांचा 'थ्रफ' त्या मानाने किती सरळ. पण हे ऐकायला दादा राहिले नव्हते.

त्यांच्या पेटीत एक वही निघाली. तेच शब्द ओळीने गिरवलेले, आणि समोर अर्थ मोडीत. मला मोडीचे अक्षर येत नाही. ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांकडे वही नेली, तेव्हा त्यांनी एकेक ओळ न कंटाळता वाचून दाखवली. 'आरपार' या अर्थापुढे दादांनी उच्चारही लिहून ठेवला होता : थ्रू.