वारुळात काही ओतायचं नाही

आषाढ-श्रावणात आमच्या पावस गावच्या आंब्याच्या बागेत दोन कामं एकदमच निघतात: कलमांना मोहोरासाठी कल्टार घालणं आणि वारुळांवर अळंबी शोधणं. पहिलं वाढत गेलं. दुसरं आता वरच्या अंगाला, कातळाकडच्या रायवळ आंब्यांखालीच उरलंय. तिथे कुणी औषध घालत नाही.

खालच्या कलमांना वाळवी लागली की गडी वारुळात क्लोरपायरीफॉस ओततात. ते कीटकनाशक, पण त्यानं अळंबीही जाते. वाळवी पातेरा चावून आणते, वारुळाच्या पोटात त्याची स्पंजासारखी पोळी रचते, त्यावर अळंबीची बुरशी पोसते आणि तीच खाते. ही जोडी आफ्रिकेत सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी जमली. पावसात त्या पोळीतूनच लांब देठ माती फोडून वर येतो. ‘देठ अलगद काढ, वारूळ फोडू नको रे, पुढल्या वर्षी परत येतील,’ असं काकी बजावायची. ओतलेल्या वारुळावर मला पुन्हा अळंबी दिसली नाही.

कल्टारची मला जास्त काळजी वाटते, कारण त्याचा मातीतला परिणाम डोळ्यांना दिसत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस मोजूनमापून आहे: झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला 3 मिली. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल झाडातलं जिबरेलिन रोखतं, पालवी थांबते, मोहोर धरतो. पण ते ट्रायझोल कुळातलं. भुरी रोगावर फवारतो ते बुरशीनाशक हेक्झाकोनाझोलही त्याच कुळातलं, बुरशीच्या पेशींना लागणारं अर्गोस्टेरॉल बनू न देणारं. आणि कल्टार घालायचं कुठे, तर थेट मुळांजवळच्या मातीत, जिथे ते दीर्घकाळ राहतं. आमच्या जांभ्याच्या मातीतलं लोह स्फुरद घट्ट धरून ठेवतं. तो आंब्याच्या मुळांपर्यंत आणतात मायकोरायझा बुरशीचे बारीक धागे. खताच्या गोणीवर खर्च करायचा आणि त्यातला स्फुरद पोचवणाऱ्या बुरशीच्याच अंगावर औषध ओतायचं, हे मला पटत नाही.

करारावर कलमं घेणारा व्यापारी हंगामापुरता येतो. जास्त फळासाठी कल्टार घालताना हात सैल सोडतो. माती मागे आमच्याकडेच राहते. म्हणून यंदा करारातच लिहून घेतलं: कल्टार मी स्वतः मोजून घालणार, वारुळात काही ओतायचं नाही. व्यापाऱ्यानं दर उतरवला. मी त्याच दरात कलमं दिली.