मोहित्यांची लेक

सरकारी नोकराला दोन गावे असतात. एक बदलीच्या हुकुमावरचे. दुसरे सेवापुस्तकात ‘मूळ गाव’ म्हणून नोंदलेले. गेली काही वर्षे माझे पहिले गाव बेंगळूरचे हेब्बाळ आहे. दुसरे सोलापूरकडचे. तेथे मी राहिलो थोडा. पण त्याचा अभिमान मात्र परमुलखात आल्यावरच जडला.

हेब्बाळ जुने गाव आहे. 2018 साली येथे एक वीरगळ सापडला. सुमारे 750 सालचा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळचा. राष्ट्रकूटांच्या चढाईत कामी आलेल्या कित्तय्याचे नाव त्यावर कानडीत कोरलेले आहे. साडेबारा शतकांपूर्वीच्या या माणसाला आपण आजही नावाने ओळखतो, हे पाहून मला माझ्या पणजोबांची आठवण झाली. शंभर-सव्वाशे वर्षांतच आमच्या घरी त्यांच्याविषयी दोन वाक्यांपलीकडे काही उरले नव्हते. मग मी शोधास लागलो.

शोधाच्या नादात इतिहासाची पुस्तके चाळली, तेव्हा ध्यानात आले की येथे नोकरीनिमित्त आलेले आपण पहिले मराठी नव्हे. 1638 साली विजापूरच्या फौजेने तिसऱ्या केंपेगौडाकडून बेंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे आले. पुण्यात जिजाबाई व शिवबा, इकडे तुकाबाई व व्यंकोजी, असे त्यांचे दोन संसार झाले. राजांच्या येथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे, राजवाड्यांनी तो 1922 साली प्रसिद्ध केला. 1664 च्या जानेवारीत होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून राजांचा अंत झाला. त्यांची साधी समाधी तेथेच आहे.

आता त्यांच्या विवाहांकडे पाहा. जाधवरावांच्या घरचा रंगपंचमीचा प्रसंग बखरकारांनी असा रंगवला की जिजाबाईंचे लग्न कसे ठरले हे शाळकरी मूलही सांगते. तुकाबाईंविषयी विचारावे, तर ‘मोहित्यांची लेक’ एवढेच उत्तर येते. तसा एकही प्रसंग आपल्या ओठी नाही. वास्तविक तंजावरची सारी शाखा तिच्या पोटची.

आणि मौज अशी की, भोसल्यांची वंशकथा दगडावर कोरून ठेवावी असे वाटले ते याच शाखेला. दुसरे सरफोजी 1798 साली गादीवर आले. पुढल्याच वर्षी तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. हाती उरले तंजावरचा किल्ला, ग्रंथालय आणि कुळाची आठवण. 1803 साली त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. सभोवती तमिळ मुलूख, आणि भिंतीवर देवनागरी अक्षरे! त्यातील साऱ्याच हकिकती अभ्यासकांच्या कसोटीस उतरत नाहीत. तथापि ती भिंत मला खोटी वाटत नाही. घरी राहणाऱ्याला वंशावळ लागत नाही. त्याचे आजोबा त्याला ओसरीवर भेटतात. दूर गेलेल्याला मात्र ती लिहावी लागते.

माझी ओसरी म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची वही. गाव आणि आडनाव सांगताच त्यांनी नेमके पान काढले. मोडीतल्या त्या ओळी एका जाणकाराने वाचून दिल्या : पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे, भावांचे, मुलांचे. पणजीचे सासरचे नाव एकदाच आले होते. तिचे माहेर, तिचे आईबाप, लग्नाचे साल, काहीही नाही. पुरुषांची रेघ पाच पिढ्या सलग चालली होती. प्रत्येक पिढीत बाहेरून आलेली एक बाई त्या रेघेत विरून गेली होती.

गावी नव्वदीच्या घरातल्या आत्याबाई आहेत. त्यांना दूरध्वनीवरून विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “तिला घरात सगळे कानडीण म्हणत रे. माहेरचं नाव कुणी घेतलंच नाही. ती एकटी असली म्हणजे चुलीपाशी कानडीत काहीतरी गुणगुणायची, एवढं आई सांगायची.”

माझी मुले येथे भाजीवाल्याशी सहज कानडीत बोलतात. ही भाषा बदलीने आमच्या घरात आली, असे मी आजवर समजत होतो. ती आमच्याच चुलीपाशी शंभर वर्षांपूर्वी बोलली जात होती, आणि ऐकणारे कोणी नव्हते.

घराण्याची वही मी आता नव्याने लिहायला घेतली आहे. तीत ‘माहेर’ असा एक रकाना वाढविला. पत्नीचा, आईचा, आजीचा भरला. पणजीच्या पुढे तूर्त ‘कानडी मुलूख’ एवढेच लिहिले आहे. वाचकहो, दिवाळीच्या रजेत गावी जाल, तेव्हा घरातल्या सर्वांत वृद्ध बाईपाशी घटकाभर बसा आणि तिच्या सासूचे माहेर विचारा. आत्याबाईंची आई असती, तर मला याहून अधिक कळले असते.