चीक

टेबलावर चार ग्लास मांडले आहेत, प्रत्येकावर काचेची चकती झाकलेली. चारही ग्लासांत बर्बन एकच आहे: सहा वर्षांची, एकाच घाण्याची, एकाच गोदामाच्या एकाच मजल्यावर मुरलेली. फरक एवढाच, की पहिल्या ग्लासातली शेरीच्या पिंपात कधी गेलीच नाही. दुसरी दोन महिने, तिसरी चार आणि चौथी सहा महिने ओलोरोसो शेरीच्या पिंपात राहून आली आहे. ही प्रयोगाची पिंपं होती. खरा मोठा साठा त्यांच्यानंतर भरला, त्याला आता दोन महिने होत आलेत. त्याला आणखी किती दिवस तिथं ठेवायचं, ते मी आणि माझे वरिष्ठ, आम्ही दोघांनी ठरवायचं आहे.

सकाळचे दहा वाजलेत. चहा आठला घेतला, त्यानंतर फक्त पाणी. अत्तर नाही, वासाचा साबण नाही. चाखणीच्या दिवशी मी केसांना तेलही लावत नाही. खोबरेलाचा वास नाकापाशी दरवळत असला, की ओकच्या लाकडातून उतरलेलं खोबरं ओळखायचं कसं?

ओकमध्ये खोबरं असतं, हे केंटकीत येईपर्यंत मला माहीत नव्हतं. अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, आणि त्यांचा वास हुबेहूब खोबऱ्याचा. आमच्या छापील तक्त्यावर त्यासाठी एकच शब्द आहे, ‘कोकोनट’. मला तो सुरुवातीपासून अपुरा पडला. कोवळ्या बर्बनमध्ये ओल्या खोबऱ्याचा, नुकत्या खवलेल्या नारळाचा दुधाळ वास असतो. आतून जाळलेल्या पिंपात पाच-सहा उन्हाळे काढले, की तोच वास तव्यावर भाजलेल्या सुक्या खोबऱ्याकडे सरकतो. हे दोन वास आमच्या घरात कधी एक नव्हते. एक सोलकढीत जायचा, दुसरा वाटणात. म्हणून मी माझी वही मराठीत लिहायला लागले. तक्ता इंग्रजीत भरते, पण आधी वहीत जे उतरेल ते खरं.

आज वहीत वर एकच प्रश्न लिहिला आहे: गहू उरलाय का?

बर्बनच्या कायद्यात गव्हाचं नावही नाही. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा, आणि दारू आतून जाळलेल्या कोऱ्या ओकमध्ये मुरवायला हवी, या मुख्य अटी आहेत. मक्याच्या जोडीला मोड आणलेलं थोडं बार्ली आणि बहुतेक ठिकाणी राय असते. राय आली, की मिरी-लवंगेसारखा तिखटपणा येतो. काही थोड्या घरांनी रायच्या जागी गहू घातला. लुइव्हिलच्या कडेला १९३५ साली सुरू झालेली स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी त्यासाठीच ओळखली जायची. पुढं १९५३ मध्ये बिल सॅम्युअल्स यांनी लोरेटोजवळची जुनी डिस्टिलरी घेतली. नव्या दारूचं धान्य कसं निवडायचं, हा त्यांच्यापुढं प्रश्न होता. प्रत्येक मिश्रणाची दारू गाळून ती मुरेपर्यंत थांबायचं, तर वर्षं गेली असती. तेव्हा त्यांनी त्या-त्या धान्यांचे पाव भाजून पाहिले, अशी गोष्ट त्यांच्या मेकर्स मार्क डिस्टिलरीत आजही सांगतात. ठरलं ते असं: ७० टक्के मका, १६ टक्के लाल हिवाळी गहू आणि १४ टक्के बार्ली. पाव भाजून दारू ठरवणं मला मुळीच विचित्र वाटत नाही. भाकरीच्या वासावरून ज्वारी कुठल्या रानातली ते सांगणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत.

गहू स्वतः फार बोलत नाही. तो तिखटपणा काढून घेतो, आणि मग मक्याचा गोडवा, लाकडातला व्हॅनिला, मधासारखी एक मऊ चव यांना पुढं यायला वाट मिळते. बर्बनची चव शिकणारी मुलं विचारतात, की गव्हाची चव नेमकी कोणती. बाटलीत ती दाखवणं खरोखर कठीण आहे. त्यासाठी आंबवणीच्या दालनात जावं लागतं.

मी पहिल्यांदा तिथं गेले तो दिवस अजून तसाच आठवतो. उंच टाक्या, वर पिवळसर फेस, खालून बुडबुडे. केंटकीत सावर मॅशची रीत आहे. आधीच्या ऊर्ध्वपातनातून उरलेलं आंबट पाणी नव्या घाण्यात मिसळतात, म्हणजे आंबण एकसारखी होते आणि नको ते जंतू दूर राहतात. मी टाकीवर वाकले आणि एकदम तासगावच्या आमच्या माडीवर गेले. एप्रिल महिना, कुरडयांचे दिवस. गहू तीन दिवस भिजलेले, रोज पाणी बदललेलं, तरी माडीभर तो आंबूस, गोडसर, जड वास. मग वाटणं, गाळणं, चीक खाली बसू देणं आणि पहाटे मोठ्या पातेल्यात तो शिजवणं. आजी हलवत असायची आणि आम्ही वाट्या घेऊन रांगेत. पहिला गरम चीक दूध-साखर घालून मिळायचा, कुरडया नंतर. टाकीतला वास तोच होता. त्या दिवसापासून गव्हाच्या बर्बनमध्ये मी शोधते तो चीक. मुरलेल्या दारूत तो फार मागं जातो, ओकच्या आड बसतो. पण चांगल्या बर्बनमध्ये घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर, श्वास नाकातून सोडताना, तो क्षणभर येऊन जातो.

आणि शेरी नेमकी तिथंच घाव घालते.

शेरी आंदालुसियातली, हेरेस दे ला फ्रोंतेरा आणि तिच्या दोन शेजारगावांची. पालोमिनो द्राक्षांचा रस, त्यात मद्यार्क वाढवून ओकमध्ये मुरवलेला. फिनोवर यीस्टची पांढरी साय धरते, ती तिला हवेपासून राखते. ओलोरोसोला सुमारे १७ टक्क्यांच्या वर नेतात, त्यामुळे साय धरत नाही, वारा लागत राहतो आणि वाइन हळूहळू अक्रोडाच्या रंगाची होते. पेद्रो हिमेनेसची तऱ्हा वेगळी. ती द्राक्षं उन्हात अंथरून सुकवतात, मग पिळतात. तिचा वास घेतला की मी काकवी लिहिते. मनुका लिहिते, बेदाणा लिहीत नाही. आमच्याकडचा बेदाणा शेडच्या सावलीत वाळतो, हिरवट राहतो, त्याला आंबटाची धार असते. उन्हानं काळी पडलेली मनुका ती वेगळी. तक्त्यावर दोन्हींना मिळून ‘रेझिन’ आहे.

मला या पिंपांचा प्रवास फार भावतो. हेरेसच्या गोदामांत शेरी मुरते ती बहुतांशी अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये, कारण अटलांटिकच्या व्यापारातून ते लाकूड शतकानुशतकं तिकडं जात आलं. म्हणजे आमच्याच झाडाचं लाकूड समुद्रापार जाऊन, शेरी पिऊन, इकडं परत येतं आणि पुन्हा बर्बनला भेटतं. पूर्वी शेरी पिंपांतूनच इंग्लंडला जायची आणि रिकामी पिंपं व्हिस्कीवाले घ्यायचे. १९८० च्या दशकात ती वाहतूक संपली. आता व्हिस्कीसाठी पिंपं मुद्दाम तयार करून घेतात: नव्या पिंपात वर्ष-दोन वर्षं शेरी ठेवायची, लाकडात मुरू द्यायची आणि मग ते पाठवायचं. काही पिंपं युरोपीय ओकची असतात. त्यांत खोबरं कमी आणि तुरटपणा जास्त. गव्हाच्या बर्बनसाठी मी ती सहसा मागत नाही.

आमच्या क्षेत्रात काही जण शेरी-फिनिशला, म्हणजे शेवटी शेरीच्या पिंपात ठेवण्याला, वरची सजावट समजतात. मला ते पटत नाही. शेरीत सोटोलोन नावाचं एक द्रव्य असतं. मेथीच्या दाण्याला मेथीचा वास देतं तेही हेच. ही माहिती मला रसायनशास्त्राच्या पुस्तकातून नंतर मिळाली, नाकानं आधीच सांगितली होती. चांगल्या ओलोरोसो पिंपातून निघालेली गव्हाची बर्बन हुंगताना मला मेथीचा लाडू आठवतो: भाजलेली कणीक, गूळ, सुकं खोबरं, खारीक आणि मागं ती कडसर मेथी. लाडवात सगळं कौशल्य मेथीच्या प्रमाणात आहे. कमी पडली तर तो नुसता कणकेचा लाडू. जास्त झाली तर कणीक, गूळ, खोबरं सगळं गेलं, जिभेवर फक्त मेथी.

रायच्या बर्बनकडे स्वतःचा तिखटपणा असतो, ती शेरीशी बरोबरीनं बोलते. गव्हाच्या बर्बनकडे तेवढा आवाज नाही. काही वर्षांपूर्वी एका कामात पेद्रो हिमेनेसची पिंपं जुलै-ऑगस्टच्या उन्हात मी तीन आठवडे जास्त राहू दिली. केंटकीच्या उन्हाळ्यात दारू लाकडात खोलवर शिरते आणि थंड रात्री मागं येते, त्यामुळे ते तीन आठवडे हिवाळ्यातल्या महिन्यांइतके मोजले गेले. बाहेर आली ती काकवी होती. छान काकवी, लोकांना आवडलीही. पण सहा वर्षं ज्या गव्हासाठी थांबलो होतो, तो तिच्यात कुठंच नव्हता. ती बाटली मी अजून ठेवली आहे आणि नव्या साठ्याच्या आधी एकदा हुंगते.

तर आज हे चार ग्लास. ट्यूलिपच्या फुलासारखा आकार, खाली पोट आणि वर अरुंद. हेरेसमध्ये शेरीसाठी वापरतात ती कोपिता याच घडणीची, व्हिस्कीवाल्यांनी ती कधीच उचलली. प्रत्येकाशेजारी त्याच नमुन्याचा आणखी एक ग्लास आता भरला आहे, पाण्यानं २० टक्क्यांवर आणलेला. मद्यार्काचा झणका उतरला, की आत दडलेलं बाहेर येतं.

पहिला: मध, सुकं खोबरं, शिजलेला मका, शेवटी चीक. स्पष्ट. दुसरा: अक्रोड, संत्र्याची वाळकी साल, गूळ. चीक आहे, पण बोलावल्यावर येतो. तिसरा सुंदर आहे. रंग तांबूस, खारीक, भाजलेली मेथी, जिभेवर जाडसर. पुन्हा घोट घेतला, तोंडात घोळवला, थुंकला, नाकातून श्वास सोडला. पुन्हा. पाणी घातलेल्या ग्लासात चीक शोधला. नाही. चौथ्यात तर लाकडाचा तुरटपणाही चढला होता.

माझे वरिष्ठ तिसऱ्यावर ठाम होते. चाळीस वर्षं ते या कामात आहेत आणि त्यांच्या नाकाचा मी मनापासून आदर करते. त्यांनी विचारलं, तिसऱ्यात काय कमी आहे? मी म्हटलं, गहू गेला. त्यांनी विचारलं, गहू म्हणजे नेमकं काय, पाव का? मी म्हटलं, पाव नाही. शब्द सापडेना. इंग्रजीत त्याला शब्दच नाही. निर्णय पुढच्या आठवड्यावर गेला.

शुक्रवारी मी गिरणीतला लाल गहू दोन किलो मागून घेतला आणि भिजत घातला. शनिवार, रविवार पाणी बदललं. सोमवारी संध्याकाळी वाटला, फडक्यातून गाळला, रात्रभर बसू दिला. मंगळवारी पहाटे वरचं पाणी ओतून दिलं, मीठ घातलं आणि मंद आचेवर शिजवला. हात दुखेपर्यंत हलवला, गुठळी होऊ दिली नाही. स्टीलच्या डब्यात भरून, टॉवेलात गुंडाळून नेला.

त्यांनी झाकण उघडलं. वाफ वर आली. डोळे मिटून दोनदा वास घेतला, मग तिसऱ्यांदा.

“चार नंबरची टाकी,” ते म्हणाले. “तिसरा दिवस.”

आम्ही डबा खिडकीपाशी ठेवला, खोलीत थोडी हवा येऊ दिली आणि दुसरा नि तिसरा ग्लास पुन्हा भरला.