खुणेचा आकडा आणि न संपणारी यादी

दुसऱ्या संगणकावरील फाइली स्वतःच्याच डिस्कवर असल्याप्रमाणे वापरता याव्यात, यासाठी सन मायक्रोसिस्टीम्सने १९८४ च्या सुमारास तयार केलेल्या नेटवर्क फाइल सिस्टीमचा, म्हणजेच एनएफएसचा, पाया असा होता की, फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरने मागणाऱ्या क्लायंटची कोणतीही आठवण ठेवू नये. त्यामुळे सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी क्लायंटने तीच विनंती परत पाठवली की काम पुढे चालते. या विस्मृतीची किंमत डिरेक्टरीतील नावांची यादी मागताना मोजावी लागते.

लांब यादी एका उत्तरात मावत नसल्याने ती तुकड्यांनी पाठवली जाते आणि यादी कोठवर आली याची खूण म्हणून सर्व्हर प्रत्येक नावासोबत ‘कुकी’ नावाचा आकडा देतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्याप्रमाणे क्लायंटने तो आकडा जसाच्या तसा परत करायचा असतो, त्याचा अर्थ लावायचा नसतो. लिनक्सच्या एक्स्ट-४ या फाइल-व्यवस्थेत मोठ्या डिरेक्टरीतील नोंदी वृक्षाच्या रूपात ठेवल्या जातात आणि वृक्ष वाढताना त्या जागा बदलतात. म्हणून नोंदीच्या जागेऐवजी नावावरून गणिताने काढलेला आकडा, म्हणजे हॅश, कुकी म्हणून दिला जाई. हा हॅश प्रत्यक्षात ३१ बिटांचा होता. त्याची सुमारे २१५ कोटी मूल्ये शक्य असली, तरी संभाव्यतेच्या नियमानुसार सुमारे ५५ हजार फाइली जमल्या की कोणत्या तरी दोन नावांना एकच हॅश मिळण्याची शक्यता निम्मी होते.

अशा जोडीच्या नेमकी मध्ये तुकड्याची सीमा पडली, तर पुढच्या विनंतीला सर्व्हर त्या हॅशच्या पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात करतो, आणि क्लायंट एक तर यादीत गोल फिरत राहतो किंवा एकच कुकी दोनदा आल्याचे ओळखून त्रुटीचा संदेश देत यादी अर्धवट सोडतो.

२०१२ मधील लिनक्स ३.४ या आवृत्तीत यावर उपाय झाला: ज्यांची कुकी ६४ बिटांची असते त्या एनएफएसच्या तिसऱ्या व पुढच्या आवृत्त्यांना मोठा हॅश द्यावा, आणि जिच्या कुकीला चारच बाइट मिळतात त्या दुसऱ्या आवृत्तीला जुनाच लहान हॅश मिळावा. दोष मिटला, परंतु अनेक सर्व्हरांवरील साठा एकत्र जोडणारी ग्लस्टर-एफएस ही व्यवस्था, कुकीचे वरचे बिट रिकामेच असतात असे गृहीत धरून, त्यांत सर्व्हरचा क्रमांक लिहीत असे. ती जागा आता भरली गेल्याने तिच्याच याद्या संपेनाशा झाल्या. बिल्ल्याच्या कोऱ्या बाजूवर कोणी तरी हिशेब मांडून ठेवला आहे, हे बिल्ला बदलेपर्यंत दुरुस्ती करणाऱ्यांना कळण्याचा मार्गच नव्हता.