ओ-रिंग

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि बहुतेक नव्या दुचाकींमधूनही कार्बोरेटर गेला. मोटारींमधून तो त्याआधीच गेला होता. आमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजवाल्यांचं अर्धं आयुष्य याच कार्बोरेटरवर गेलेलं. सातवीत शाळा सुटलेल्या पोरांनी उस्तादाच्या हाताखाली ही विद्या घेतली. सर्टिफिकेट कुणाकडेच नाही.

माझे मामू इंजेक्टर शिकले ते पन्नाशीत. आता मोटारीची फ्युएल रेल बसवताना त्यांचा हात बघावा. आधी लाइनमधलं प्रेशर उतरवून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असते. प्रत्येक इंजेक्टरला नवी ओ-रिंग, आणि तिला इंजिन ऑइलचं बोट. कोरडी रिंग बसताना चिरते. मग चारही इंजेक्टर रेलसकट सरळ खाली दाबायचे आणि बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. बॅटरी जोडली की स्टार्टर न मारता नुसती चावी फिरवायची. पंप दोनेक सेकंद चालतो, लाइन भरते. तेवढ्यात टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघायचा. पेट्रोल तिथं साधारण तीन बार दाबाने उभं असतं. एक थेंब सुटला, तरी गाडी पेटू शकते.

'तुमच्या लोकांना शिक्षणाची किंमत नाही,' हे मी अनेकदा ऐकलंय. मामूंनी यंदा त्यांच्या शागीर्दाला आयटीआयला घातलं, फीही त्यांनीच भरली. म्हणाले, ''हात मी देतो, कागद तू तिकडून आण.'' तो संध्याकाळी गॅरेजवर येतो. स्कॅनर तो वाचतो, रिंग अजून मामूच बसवतात.