घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

नवरा घोरायला लागला की आपण म्हणतो, दमलाय बिचारा, झोपू दे. पण बायांनो, घोरता घोरता आवाज मध्येच बंद पडत असेल, तर जरा कान द्या.

आमचे मालक ट्रकचालक. नाशिकचा कांदा वाशीच्या बाजारात पोचवतात. वाटेत कसारा घाट, तोही रात्रीचा. घरी झोपले की त्यांचा श्वास थांबायचा. मी घड्याळ घेऊन मोजलं, कधी २० सेकंद, कधी ३०. मग गुदमरल्यासारखं करून पुन्हा सुरू. दिवसा ताटावर बसल्या बसल्या डुलकी!

जिल्ह्याच्या डॉक्टरांनी रात्रभर तपासणी केली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, मान जाड असली की श्वासाची वाटच मिटते. मेंदू दर वेळी माणसाला हलवून जागं करतो, त्याला मात्र पत्ता नसतो. तासाला ५ पेक्षा कमी अडथळे असले तर चालतं. ३० च्या पुढे आजार जोराचा. यांचे ३८ निघाले.

खरा घोर पुढेच होता. मालवाहू गाडीचा परवाना ५ वर्षांनी नवा करायचा, त्याला डॉक्टरांच्या सहीचा नमुना १-अ लागतो. मालक म्हणाले, "अगं, हे कागदावर आलं तर स्टिअरिंग सुटलं. हप्ता कोण भरणार?" मी म्हटलं, "अहो, घाटात डोळा लागला तर कोण भरणार?" दोन दिवस बोलले नाहीत.

डॉक्टरांनी मार्ग सांगितला : आधी उपचार, गुण दिसला की सही. सीपॅप नावाचं यंत्र येतं. नाकावर मुखवटा बांधायचा, नळीतून येणाऱ्या हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो. १९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही युक्ती जगापुढे मांडली. आम्ही एक गाय विकून यंत्र घेतलं. गाय दुभती होती, वाईट वाटलंच.

पहिला आठवडा मुखवटा रात्रीतून कोपऱ्यात जाऊन पडायचा. पोरं म्हणायची, बाबा विमान चालवतात. नाकाच्या मापाचा दुसरा मुखवटा आणला, तेव्हा जमलं. वीज जाते म्हणून बॅटरी ठेवली, तीच ट्रकमध्येही नेतात. मुखवटा मी रोज साबणाच्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवते.

यंत्र किती तास वापरलं याची नोंद त्यातच राहते. डॉक्टरांनी ३ महिन्यांची नोंद पाहिली, दिवसाच्या डुलक्यांची चौकशी केली आणि सही दिली.

मालकांचं वजन आता ६ किलोंनी उतरलंय. यंत्र सुटेल का, म्हणून विचारत होते. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तपासल्याशिवाय नाही.