मागून घेतलेली वाट

नांदेडहून लातूरला जायचे म्हटले की आगगाडी पूर्णा, परभणी, परळी असा लांबचा वळसा घालून लातूररोडला आणून सोडते. म्हणून बहुतेक माणसे एस. टी. धरतात आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर गाठतात. दसऱ्याच्या सुटीत मीही तेच केले. शेजारी पंचाहत्तरी उलटलेले एक आजोबा होते. 2022 पासून अशा वडीलधाऱ्यांना भाडे नाही, तेव्हा कंडक्टरने त्यांना शून्य रुपयांचे तिकीट दिले.

“मास्तर, म्हातारपणाला एवढा मान पहिल्यांदाच मिळाला बघा!” आजोबा म्हणाले, आणि ते तिकीट त्यांनी घडी करून टोपीत ठेवले.

वाहनाच्या सोयी आपोआप मिळत नाहीत, हे मराठवाड्याने फार पूर्वी ओळखले आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा रेल्वेमार्ग मीटरगेजचा होता. तो रुंद करावा, ही मागणी गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनातही ती गाजली. रुंद रूळ औरंगाबादेला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पोचले ते 1992 मध्ये, आणि नांदेडला त्यानंतर!

लातूरची कथा याहून बोलकी आहे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी चिमुकली गाडी येथे 1911 मध्ये आली. पुढे 2008 पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला आणि मिरजेचा मार्गही लवकरच झाला. मग 2016 चा एप्रिल उजाडला. शहराच्या नळांना पाणी नव्हते. त्याच वाटेने मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर अडीचशे टँकरांचे काम एका गाडीने केले. रूळ ही काय चीज आहे, हे लातूरकरांना कुणी शिकवायला नको. म्हणूनच 2017 मध्ये त्यांची मुंबईची गाडी बीदरपर्यंत वाढवली, तेव्हा ते जागेसाठी हिरिरीने उभे राहिले.

मागणे आम्हांला जमते. मिळालेले वापरणे मात्र जड जाते. 2008 च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडचे काही रस्ते नव्याने झाले, त्यांत पायी चालणाऱ्यांना पदपथ आणि सायकलींना वेगळी पट्टी ठेवली गेली. पण अशा पट्टीवर मोटारसायकल उभी करून आपणच दुकानात शिरतो, आणि शाळकरी मुलगी सायकल घेऊन ट्रकांच्या मधून वाट काढते!

यासाठी मोर्चा नको. आळीतल्या चार घरांनी ठरवून पदपथ मोकळा ठेवावा. मुलांना शाळेत पोचवायला एकेक पालकाने आळीपाळीने चालत जावे. एस. टी. वेळेवर येत नसेल, तर घरी चरफडण्यापेक्षा दहा जणांच्या सह्यांचा अर्ज आगारप्रमुखाकडे द्यावा. आणि गाडी आली, की तिच्यात बसावेही! रिकामी धावणारी गाडी पुढच्या वर्षी वेळापत्रकात राहील, याची हमी कोण देणार?

मोर्च्यात चालणारे पाय आमच्यापाशी आहेतच. त्यांना मंडईपर्यंत चालायची सवय तेवढी लावायची आहे.